अनोळखी माणसाला ओळखीचं समजून हाक मारली जाते? आधी हे तपासून पाहा

कराडच्या बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. नंबर काढायला बसलेल्या माणसाला मी आधी विचारतो, "त्रास काय होतो?" डोकं दुखतं, सुईत दोरा ओवता येत नाही, रात्री समोरच्या गाडीचा उजेड सहन होत नाही, ही नेहमीची उत्तरं. पण अधूनमधून एखाद्या काकू आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "माणसं चुकतात हो माझी. लग्नात भलत्याच बाईच्या गळ्यात पडले. आता मी कुणाला हाकच मारत नाही."

मला काळजी वाटते ती या शेवटच्या वाक्याची. भलत्या माणसाला हाक मारली तर दोन मिनिटं कसंतरी होतं. हाक मारणंच सोडलं तर माणूस हळूहळू समारंभाला जाईनासा होतो, रस्त्यात मान खाली घालून चालायला लागतो आणि नातेवाईक म्हणतात, "हल्ली फार शिष्ट झालेत." ही तक्रार घेऊन आलेल्या बऱ्याच जणांबरोबर मी एकेक गोष्ट तपासत गेलो आहे. काहींचा नंबर बदललेला निघाला. बऱ्याच जणांचे डोळे ठणठणीत होते, फक्त सवय बदलावी लागली. थोड्यांना मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावं लागलं. तो तपासण्याचा क्रम इथे देतो. सुरुवातीच्या पायऱ्यांना एक पैसाही लागत नाही, आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं.

## लक्षणं

"माणसं चुकतात" एवढ्यावर काही ठरवता येत नाही. खालच्यापैकी आपलं कुठलं ते बघा.

- दुरून माणूस हमखास ओळखीचा वाटतो, चार पावलांवर आला की परका निघतो.
- पाठमोऱ्या माणसाला हाक मारली जाते किंवा त्याच्या खांद्यावर हात पडतो.
- कुणाची वाट बघत असताना, गर्दीत कुणाला शोधत असतानाच चूक होते, एरवी नाही.
- चेहरा ओळखीचा वाटतो, पण कोण, कुठला, काही आठवत नाही.
- रोजचा शेजारी दुसऱ्या गावात भेटला तर ओळखू येत नाही. लहानपणापासून असंच आहे.
- चूक एकदाच झाली, पण तिची लाज आठवडाभर मनातून जात नाही.
- उजेड चांगला आहे, माणूस समोर आहे, दोन वाक्यं बोलून झाली, तरी तो दुसराच कुणीतरी आहे हे पटत नाही.
- रस्त्यावरचे बहुतेक चेहरे ओळखीचे वाटू लागले आहेत, आणि हे अलीकडेच सुरू झालं आहे.

शेवटच्या दोनांपैकी काही असेल तर मधल्या तपासण्यांत वेळ घालवू नका, थेट "इथे थांबा" या भागाकडे जा. बाकीच्यांनी क्रमाने चला.

## पहिली तपासणी: चेहरा दिसला होता का?

हाक मारायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा. या माणसाच्या भुवया, डोळे आणि नाक मला स्वच्छ दिसतंय का? दिसत नसेल तर आपण चेहरा पाहिलेलाच नाही, नुसती आकृती पाहिली आहे.

हे महत्त्वाचं का, ते सांगतो. जवळच्या माणसाला आपण चेहऱ्याच्या आतल्या भागावरून ओळखतो: डोळे, नाक, तोंड आणि त्यांच्यातली अंतरं. अनोळखी चेहरा बघताना मात्र आपली नजर केस, कपाळाची रेघ आणि चेहऱ्याचा बाहेरचा आकार यांच्यावर जास्त विसंबते. हा फरक १९७९ साली ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवला. रस्त्याच्या पलीकडून आतला भाग दिसतच नाही; हाती उरतात ते केस आणि आकार. आमच्या भागात पांढरी टोपी, जाड मिशी आणि किंचित पुढे वाकलेली चाल एवढ्यावर ओळखायला गेलात, तर आठवडी बाजारात निम्मे काका तुमचे मामा निघतील.

उजेडाचंही तसंच. मंगल कार्यालयाच्या दारातून आत येणाऱ्या माणसाच्या पाठीमागे ऊन असतं. त्याचा चेहरा काळा दिसतो आणि आपण फेट्यावरून, पदरावरून ओळखायला जातो. अशा वेळी आपण बाजूला सरकायचं, उजेड त्याच्या तोंडावर पडेल असं उभं राहायचं, आणि त्याला आणखी थोडं जवळ येऊ द्यायचं. दुरून हात हलवायची घाई केली नाही की पहिल्या प्रकारातल्या चुका जवळजवळ संपतात.

## दुसरी तपासणी: ओळखलं कशावरून?

कपडे, गाडी, पिशवी, केसांचा अंबाडा, चालण्याची ढब. यातली एकच खूण जुळली असेल तर ती ओळख धरायची नाही. निदान दोन वेगळ्या जातीच्या खुणा जुळू द्या: एक चेहऱ्याची आणि एक आवाजाची असेल तर उत्तम. आवाज ही चेहऱ्यापासून अगदी स्वतंत्र खूण आहे, आणि माणूस पाठमोरा असला तरी ती मिळते.

पेट्रोल पंपावर उभं राहून हा प्रकार जवळून बघता येतो. बायको उतरून कडेला थांबते, नवरा स्कूटर घेऊन रांगेत जातो. पाच मिनिटांनी त्याच रंगाची स्कूटर, तेच काळं हेल्मेट, तसलाच निळा शर्ट बाहेर येतो. ती सवयीने मागे बसते, पिशवी मांडीवर घेते, एक हात पुढच्याच्या खांद्यावर टेकवते. गाडी हलते आणि ती म्हणते, "आता आधी दूध घेऊ." पुढचा माणूस करकचून ब्रेक दाबतो. मागून खरा नवरा हाका मारत येत असतो. या सगळ्यात चेहरा कुणीच कुणाचा पाहिलेला नसतो. हेल्मेट, रंग आणि जागा यांच्यावरच सगळा व्यवहार झालेला असतो.

यावर उपाय सोपा आहे. बसायच्या आधी नंबर प्लेटचे शेवटचे दोन आकडे बघा, किंवा "निघू या का?" म्हणा आणि उत्तराचा आवाज ऐकूनच पाय टाका. उन्हाळ्यात मुली तोंडाला स्कार्फ बांधून गाडी चालवतात तेव्हाही हेच लागू. नुसत्या डोळ्यांवरून मैत्रीण ओळखता येते असं वाटतं, पण तेव्हा आपण बहुधा स्कार्फचा रंगच ओळखत असतो.

## तिसरी तपासणी: मनात आधीच कोण बसलं आहे?

ब्रिटनमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२ जणांनी काही आठवडे डायरी ठेवली होती. माणूस ओळखण्यात रोजच्या आयुष्यात जी गफलत होईल ती लिहून काढायची. सगळ्यांत जास्त नोंदी निघाल्या त्या एका माणसाला दुसराच समजण्याच्या. म्हणजे हे दुखणं तुमच्या एकट्याचं नाही. निरोगी माणसांच्या डोक्यात हे नेहमी घडतं.

त्याला मोठं कारण अपेक्षा. बहीण साताऱ्याहून येणाऱ्या एसटीतून उतरणार हे डोक्यात घेऊन आपण स्टँडवर उभे असतो. मेंदू बहिणीचा चेहरा तयारच ठेवून बसतो, आणि तिच्या उंचीची, तशीच साडी नेसलेली कुणीही बाई उतरली की तो चेहरा तिच्यावर बसवतो. आशा जितकी मोठी तितकी ही ओढ मोठी. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण ते परत येतील अशी आस लोकांना पुढे कित्येक वर्षं होती. त्या आशेवरच तोतया उभा राहिला. १७७६ साली कोकणात त्याच्यामागे माणसं आणि किल्ले गोळा झाले, आणि ते बंड मोडायला पुणे दरबाराला फौज पाठवावी लागली. पंधरा वर्षं न पाहिलेला चेहरा लोक डोळ्यांनी कमी आणि इच्छेने जास्त बघत होते.

स्टँडवर किंवा स्टेशनवर यासाठी चांगली युक्ती म्हणजे मोबाइल. तिच्या नंबरवर रिंग द्या आणि समोरच्या बाईकडे बघा. तिचा हात पर्सकडे गेला तर पुढे व्हा. दादरच्या पुलावर संध्याकाळी माणूस शोधायचा तर याच्याइतका खात्रीचा दुसरा मार्ग नाही.

याच पायरीवर एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती विचारायला लोक फार घाबरतात. घरातलं माणूस गेल्यावर काही महिने, कधी वर्षभरही, ते गर्दीत दिसल्यासारखं वाटतं. एक काकू माझ्याकडे नवा चष्मा करायला आल्या होत्या. यजमान जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांनी हळूच विचारलं, "एसटीच्या खिडकीत दोनदा तेच दिसले. माझं डोकं तर फिरत नाही ना?" नाही. ज्याच्या पावलांची चाहूल ओळखण्यात चाळीस वर्षं गेली, त्याला मेंदू एका दिवसात शोधायचं थांबवत नाही. दुःखाच्या काळात हे अगदी सर्रास घडतं, आणि हळूहळू कमी होतं. अशा वेळी एखाद्या अनोळखी माणसामागे चार पावलं गेलात तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरात कुणाशी तरी ते बोला.

## चौथी तपासणी: नाव आधी येतं की नमस्कार?

मला सगळ्यांत जास्त गुण याच पायरीचा आलेला दिसतो. ओळख पटल्यासारखी वाटणं आणि तोंडातून नाव निघणं, या दोन्हींच्या मध्ये एक पायरी घालायची. आधी नजर, मग नमस्कार, मग प्रश्न, आणि नाव सगळ्यांत शेवटी.

नजर मिळाली की हलकं हसायचं आणि थांबायचं. समोरचा आपल्याला ओळखत असेल तर त्याचा चेहरा लगेच उघडतो, पावलं आपल्याकडे वळतात. तो तसाच कोरा राहिला तर ओळख नाही, आणि आपलंही काही गेलेलं नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावरून खात्री करून घ्यायची ही फुकटची संधी आपण "काय गं सुमे!" असं ओरडून घालवतो.

मग "नमस्कार, कसं काय?" हे वाक्य ओळखीच्याला चालतं आणि अनोळखीलाही चालतं. आमच्याकडे खेड्यात वाटेत भेटलेल्या कुणालाही "राम राम" घालतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पंढरीच्या वाटेवर तर प्रत्येक जण "माऊली" असतो. नाव माहीत असायची गरजच पडत नाही. आपल्या भाषेत बिननावाचा नमस्कार इतका सहज आहे, तो वापरा.

पुढे विचारायचं तर प्रश्न असा ठेवा की त्याला सरळ "नाही" म्हणता येईल. "तुम्ही कोरेगावचे का?", "तुम्ही पाटीलसरांच्या घरचे ना?" "ओळखलंत का मला?" हा प्रश्न मात्र टाळा. तो समोरच्याला पेचात टाकतो, आणि तो भिडेखातर "हो हो" म्हणाला की गल्लत दुप्पट होते.

आणि हात लावायचा नाही. पाठीवर थाप, मागून डोळे झाकणं, दंडाला धरून ओढणं, हे सगळं समोरून चेहरा पाहिल्यानंतर आणि आवाज ऐकल्यानंतरच. पुरुषांनी अनोळखी बाईच्या बाबतीत तर यात तडजोड करूच नये. आपल्याला चूक वाटते ती तिला भीती असू शकते. लहान मुलाचंही तसंच. भाच्यासारखा दिसला म्हणून कुणाचं पोर उचलू नका. शेजारी उभ्या असलेल्या आईबापांशी आधी बोला.

एक फरक लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं पाहिलेला चेहरा आणि एकदाच पाहिलेला चेहरा यांच्यावर सारखाच भरवसा ठेवायचा नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नेदरलँडमधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांचे प्रत्येकी २० असे ४० फोटो लोकांना दिले आणि सांगितलं, माणसागणिक ढीग करा. त्यांना ओळखणाऱ्या डच लोकांनी बरोबर दोन ढीग केले. न ओळखणाऱ्या ब्रिटिश लोकांनी सात-आठ ढीग केले. एकच बाई त्यांना चार-चार बाया वाटली. नव्या सोयरिकीतली माणसं, सोसायटीत नुकते राहायला आलेले, साखरपुड्यात एकदा भेटलेली विहीणबाईंची बहीण, ही सगळी आपल्यासाठी त्या फोटोंसारखीच असतात. त्यांच्या बाबतीत नाव घ्यायची घाई कधीच नको.

## पाचवी तपासणी: चूक झाल्यावर आपण काय करतो?

एवढं करूनही कधीतरी चूक होणार. तेव्हा बोलायची वाक्यं आधीच तयार असली की जीभ अडखळत नाही. मी लोकांना ही पाठ करायला सांगतो:

"माफ करा, माझी ओळखण्यात गल्लत झाली. आमच्या वहिनींसारख्या वाटलात."

संपलं. मान हलवायची, हसायचं, आपल्या वाटेने जायचं. त्या वहिनी कोण, त्या कुठे राहतात, त्यांचा अंबाडाही अगदी असाच, हे सांगत बसायचं नाही. समोरच्याला बहुधा घाई असते, आणि आपण जितकं लांबवू तितकी लाज वाढते. "तुम्ही अगदी आमच्या वारलेल्या काकांसारखे दिसता" हे तर चुकूनही बोलू नका. आपण मायेने बोलतो, ऐकणाऱ्याच्या मनात मात्र दिवसभर ते घोळत राहतं.

ज्या माणसाला आपण हाक मारायला निघालो होतो तो खरोखर तिथेच असेल, तर त्याच्याकडे वळा आणि मोकळेपणाने सांगा, "तुम्हालाच शोधत होते." दोघांनाही बरं वाटतं.

रात्री अंथरुणावर ते पुन्हा पुन्हा आठवत असेल तर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग ऐका. तो २००० साली छापून आला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांचा अंदाज निम्म्याच्या आसपास होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना चित्र कुणाचं ते सांगता आलं. आपली फजिती आपल्याला जेवढी मोठी दिसते तेवढी इतरांना दिसत नाही. कार्यालयात शंभर माणसांनी पाहिलं असं वाटतं, तेव्हा त्यातली बहुतेक पंगत कधी बसते ते बघत असतात.

चूक झाल्यावर आठवडाभरात मुद्दाम एका खात्रीच्या, रोजच्या ओळखीच्या माणसाला नावाने हाक मारा. भाजीवाल्या मावशी, वाचनालयातले काका, कुणीही. हाक मारायचा सराव तुटू द्यायचा नाही. काही आठवडे टाळलं की पुढची हाक जड जाते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

## सहावी तपासणी: "कुठेतरी पाहिलंय"

चेहरा ओळखीचा वाटतो, पण माणूस जागेवर बसत नाही. यात बहुधा चूक नसतेच. तो माणूस खरोखर ओळखीचा असतो, फक्त नेहमीच्या जागी नसतो. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मँडलर यांनी १९८० साली याचं उदाहरण दिलं ते बसमध्ये भेटलेल्या खाटकाचं: दुकानात रोज दिसणारा माणूस बसमध्ये दिसला की ओळखीची भावना लगेच येते, पण तो कोण ते येत नाही. आपल्याला बँकेतल्या काउंटरवरच्या ताई महाबळेश्वरला भेटल्या की हेच होतं. चेहरा ओळखीचा वाटणं, माणूस कोण ते आठवणं आणि नाव सापडणं ही मेंदूतली वेगवेगळी कामं आहेत, आणि त्यांत नाव सगळ्यांत शेवटी येतं.

अशा वेळी सरळ म्हणा, "चेहरा ओळखीचा आहे, नाव आठवत नाहीये." लोक आनंदाने सांगतात. ओळखल्याचं नाटक मात्र करू नका, आणि यामागे शिष्टाचारापेक्षा मोठं कारण आहे. या भिडेवर फसवणारी माणसं जगतात. फोन येतो, "काका, ओळखलंत का? आवाजावरून सांगा बघू." आपण संकोचाने म्हणतो, "कोण, संदीप का?" की तो संदीप होतो. दोन मिनिटांनी संदीपला अडचणीत पैसे हवे असतात. दारात येऊन "मी तुमच्या मुलाचा मित्र" म्हणणाऱ्याचीही रीत हीच. नाव कधीही आपण पुरवायचं नाही. त्यालाच सांगू द्यायचं, आणि पैशाचा विषय निघाला की फोन ठेवून खऱ्या संदीपच्या नंबरवर आपण फोन करायचा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब कळवा.

## सातवी तपासणी: झोप आणि औषधं

हे थोडक्यात. झोप अपुरी असली की चेहरे ताडून बघण्यात चुका वाढतात. लग्नघरात तीन रात्री जागरण झालेलं माणूस चौथ्या दिवशी पाहुणे चुकवणारच. एखादं नवं औषध सुरू झाल्यापासून गुंगी, धूसर दिसणं आणि गोंधळ वाढला असेल तर देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका.

## आठवी तपासणी: डोळे

इथून थोडा खर्च सुरू होतो, तरी बऱ्याच दुकानांत नंबर तपासून मिळतो तो फुकटच.

आधी आपण कुठला चष्मा घालून फिरतो ते बघा. चाळिशीनंतर लागलेला वाचायचा चष्मा नाकावर तसाच ठेवून लोक रस्त्याने चालतात. त्यातून लांबचं धूसर दिसतं, आणि चेहरे लांबचेच असतात. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर जिना चढताना किंवा मान वर करून बघताना खालच्या, वाचायच्या भागातून नजर जाते. काचेवर ओरखडे आहेत का, तेलाचा थर आहे का, हेही बघा.

मग नंबर. दोन वर्षांपूर्वीचा असेल तर पुन्हा तपासा. मधुमेह असेल तर साखर वरखाली झाली की नंबरही हलतो. त्यामुळे साखर आटोक्यात आल्यावरच नवा चष्मा करा, नाहीतर पैसे वाया जातात.

साठीच्या पुढच्या काहींना एक दिवस आनंद होतो: "आता मला चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो!" आणि त्याच सुमारास समोरून येणारी माणसं चुकायला लागतात. हे मोतीबिंदूचं लक्षण असू शकतं. डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं, त्यामुळे जवळचं काही काळ सुधारतं आणि लांबचं बिघडतं. दिव्याभोवती उजेड पसरतो, रंग मळकट दिसतात. चष्मा बदलत राहून यावर फार काळ भागत नाही; डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते.

शेवटी घरी करायची एक तपासणी. जवळचा चष्मा लावा, एक डोळा तळहाताने झाका आणि चौकटीच्या वहीच्या पानावर मधोमध टिंब काढून त्याच्याकडेच बघा. मग दुसरा डोळा. रेघा वाकड्या, लाटेसारख्या दिसल्या किंवा मध्यभागी डाग दिसला, तर डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्याचा, म्हणजे मॅक्युलाचा दोष असू शकतो. या भागानेच आपण चेहऱ्यातले बारकावे बघतो, म्हणून माणूस कडेने दिसतो पण चेहरा लागत नाही. याला चष्म्याचा दुकानदार काही करू शकत नाही. त्याच आठवड्यात रेटिना बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा, आणि बदल अचानक झाला असेल तर त्याच दिवशी.

## नववी तपासणी: लहानपणापासूनच असं आहे का?

डोळे उत्तम, नंबर बरोबर, झोप पुरेशी, आणि तरी शाळेपासून वर्गातली मुलं केसांवरून आणि आवाजावरून ओळखावी लागली असतील, तर ही मेंदूची जन्मजात घडण असू शकते. तिला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात. जर्मन डॉक्टर योआखिम बोडामर यांनी १९४७ साली मेंदूला इजा झालेल्या रुग्णांवरून हे नाव दिलं. जन्मापासूनचा प्रकार पुढे लक्षात आला. शंभरात दोघांना तो कमीजास्त असावा असा अंदाज आहे, आणि तो घराण्यातही उतरतो. न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूचे डॉक्टर) आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांना तो होता. अमेरिकी चित्रकार चक क्लोज यांनाही होता, आणि त्यांनी आयुष्यभर माणसांचे भलेमोठे चेहरेच रंगवले.

यावर आज औषध नाही, पण माहीत झालं की ओझं उतरतं. जवळच्यांना सांगून टाका: "मला चेहरे लक्षात राहत नाहीत. भेटलात की नाव सांगत जा." लग्नाला जाताना सगळ्यांना ओळखणारं एखादं माणूस बरोबर ठेवा, ते कानात सांगत राहील. मुलाला असं होत असेल तर वर्गशिक्षिकेला आधी कल्पना द्या. मुलं याला "भाव खातो" म्हणतात, आणि ते मूल एकटं पडतं.

## इथे थांबा, आणि डॉक्टरांकडे जा

खालीलपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय आणि चष्मे पुरे.

चेहरे ओळखणं अचानक बिघडलं. कालपर्यंत ठीक होतं, आज घरची माणसं ओळखू येत नाहीत किंवा परकी सगळी ओळखीची वाटतात. त्याबरोबर तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं जड होणं, एका बाजूचं न दिसणं असेल तर तो पक्षाघात असू शकतो. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. डोक्याला मार लागल्यावर हे सुरू झालं असेल तरी लगेच रुग्णालयात जा.

ओळखीचं वाटण्याचे झटके येतात. काही क्षण सगळेच चेहरे ओळखीचे वाटतात, सोबत विचित्र वास, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं, किंवा माणूस टक लावून थबकतो. फिट्सचा एक प्रकार असा दिसतो. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, आणि तोवर गाडी चालवू नका.

घरच्या माणसालाच तोतया म्हणणं. "ही माझी बायको नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी आहे", किंवा "तो एकच माणूस वेश बदलून सगळीकडे माझ्या मागे येतो." पहिल्या प्रकाराचं वर्णन फ्रान्समध्ये १९२३ साली झालं, दुसऱ्याचं १९२७ साली, आणि दोन्ही डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. वाद घालून पटत नाही, उलट राग वाढतो. शांतपणे विषय बदला आणि न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. माणूस कुणाच्या अंगावर धावून जात असेल तर त्याच दिवशी न्या.

वयस्कर माणसाच्या इतर गोष्टीही चुकू लागल्या. माणसांबरोबर रस्ते, पैसे, गॅस बंद करणं विसरतं. "वय झालं" म्हणून सोडू नका. डॉक्टर बी१२, थायरॉइड अशा साध्या रक्ततपासण्या आधी करतात, कारण त्यातली काही कारणं औषधाने सुधारतात.

चुकीच्या भीतीने घराबाहेर पडणंच बंद झालं. छाती धडधडते, समारंभाच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, कारणं सांगून जाणं टाळलं जातं. समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ यावर चांगले उपचार करतात. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद बरोबर न्या. त्यावर एवढं असू द्या: चूक केव्हा झाली, किती लांबून, उजेड कसा होता, समोरच्याला कोण समजलात, आणि तो बोलल्यावर गल्लत लगेच कळली की नाही. शेवटचं उत्तर डॉक्टर हमखास विचारतात. शक्य असेल तर तेव्हा बरोबर असलेलं माणूसही घेऊन जा. त्याने बाहेरून काय पाहिलं तेही लागतं.